‘मला थोडंच डॅनिश येतं’ हे सांगताना या चुका टाळा

डेन्मार्कमध्ये नवीन आलेला माणूस सगळ्यात आधी एक इंग्रजी वाक्य वापरायला लागतो: ‘सॉरी, आय डोन्ट स्पीक डॅनिश.’ त्याने काम भागतं, कारण इथल्या बहुतेकांना उत्तम इंग्रजी येतं. पण त्याच वाक्याने डॅनिश बोलायची संधीही जाते. समोरचा इंग्रजीवर गेला की परत डॅनिशवर येत नाही. मी पहिले आठ-नऊ महिने असेच घालवले, आणि त्याची मला आजही हळहळ वाटते.

नवशिक्याने ‘येत नाही’ एवढं सांगून थांबू नये. किती येतं आणि समोरच्याने काय करावं, हे दोन्ही सांगावं, आणि तेही मोडक्यातोडक्या का होईना, डॅनिशमध्येच.

माफीने सुरुवात

‘माफ करा हं, माझं डॅनिश फार वाईट आहे’ हा आपला नम्रपणा. ऐकणाऱ्याला मात्र तुम्ही अवघडला आहात असं वाटतं, आणि तो चांगुलपणानेच इंग्रजी सुरू करतो. त्याऐवजी सरळ म्हणा, ‘याय टेला कुन लेत डॅन्स्क’, म्हणजे मी थोडंच डॅनिश बोलते. पाठोपाठ विनंती जोडा: ‘लाँग्सॉमर, टक’, जरा हळू बोला. तरीही इंग्रजी आलंच, तर ‘मो व्ही टे दे पो डॅन्स्क?’ असं विचारा, म्हणजे डॅनिशमध्येच बोलूया का? मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. बेकरीत मागे रांग असेल तेव्हा मात्र हा हट्ट धरू नका.

‘मी शिकतेय’ची गडबड

ही चूक मी भाषाशाळेत जवळजवळ प्रत्येक नवीन विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकली आहे. आपण मनात ‘शिकते आहे’ म्हणतो, त्यातल्या ‘आहे’साठी ‘एर’ घालतो, आणि वाक्य होतं ‘याय एर लेआ डॅन्स्क’. पण ‘लेआ’ हाच उच्चार ‘शिक्षक’ या अर्थाच्या शब्दाचाही आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘मी शिक्षक आहे, डॅनिश’ असं काहीतरी ऐकू येतं. नुसतं ‘याय लेआ डॅन्स्क’ बरोबर आहे. सध्या शिकणं चालू आहे हे ठसवायचं असेल, तर ‘याय एर वे ओ लेआ डॅन्स्क’ म्हणा.

‘याय स्टुडेरा डॅन्स्क’ही टाळा. इथे ‘स्टुडेरा’ म्हणजे विद्यापीठात शिकणं. डॅनिश विषय घेऊन पदवी करताय असं समजून समोरचा साहित्यावर बोलायला लागेल. भाषाशाळेतला टप्पा सांगत ‘मॉड्यूल 2 ला आहे’ म्हणणं, हेही शाळेबाहेरच्या माणसाला फारसं काही सांगत नाही. तीन महिने शिकतेय म्हटलं, की त्याला अंदाज येतो.

न कळताच मान हलवणं

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हे. मुलगा बालवाडीत जायला लागला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी त्याला घ्यायला गेले, तर ताईंनी दारातच घाईघाईने काहीतरी सांगितलं. मी हसून मान डोलावली. त्यांना शंका आली असावी. त्यांनी विचारलं, ‘फोस्टोर दु दे इग्गे?’ म्हणजे ‘कळलं नाही का?’ मी मराठीत विचार करून उत्तर दिलं: ‘यॅ.’ माझ्या मनात होतं, ‘हो, नाही कळलं.’ त्यांनी घेतलं, ‘कळलं.’

दुसऱ्या दिवशी मुलांची जंगलात सहल होती. बाकीच्यांकडे डबा होता, रेनकोट-पँट होती, आणि माझा लेक रिकाम्या हाताने उभा. ताईंनी आपल्या डब्यातला राय या धान्याचा पाव अर्धा करून त्याला दिला. त्याचा तो चेहरा मी विसरलेली नाही.

डॅनिशमध्ये नकारार्थी प्रश्नाची उत्तरं वेगळी असतात. ‘कळलं नाही का?’ असं विचारलं आणि कळलं असेल, तर ‘यो’ म्हणायचं. ‘यॅ’ तिथे बसतच नाही. आणि कळलं नसेल तर सरळ ‘नाय’. हो, अगदी आपल्या बोलीतल्या ‘नाय’सारखाच उच्चार. म्हणजे शब्द आपल्या जिभेवर आधीपासून आहे, फक्त संकोच सोडायचा. आपलं मान डोलावणंही इथे अर्धवट होकारच समजलं जातं. कळलं नसेल तर तोंडाने सांगा.

डॉक्टरकडे, घराच्या करारावर सही करताना किंवा नगरपालिकेच्या कचेरीत डॅनिशचा सराव करू नका. दुभाषा हवा असेल तर वेळ ठरवतानाच सांगा: ‘याय हार ब्रू फो एन टॉल्क.’ आणि 112 ला फोन करायची वेळ आली तर बेधडक इंग्रजीत बोला.

आकडे कळत नाहीत हे लपवणं

बोलणं जमायला लागलं तरी आकडे बराच काळ चकवतात. अशा वेळी ‘कॅन दु स्क्रिवे दे?’ म्हणत कागद पुढे करा, म्हणजे लिहून द्याल का? यात कमीपणा नाही.

पण मराठी माणसाला इथे एक मोठा आधार आहे, आणि आपण इंग्रजीतून शिकत असल्यामुळे तो हातचा जातो. डॅनिशमध्ये 50 ते 99 हे आकडे विसांच्या हिशोबाने चालतात, आपली जुनी माणसं ‘तीन विसा’ म्हणायची तसे. ‘त्रेस’ म्हणजे तीन विसा, 60. ‘फिर्स’ म्हणजे चार विसा, 80. मग 50 साठी ‘हॅल्ट्रेस’ का? कारण अडीच विसा! ‘हॅल’ म्हणजे अर्धा; दोन विसा पूर्ण आणि ‘तिसरा अर्धा’ हीच ती कल्पना, आणि आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून आलेला आहे. 70 म्हणजे साडेतीन विसा, 90 म्हणजे साडेचार विसा. शिवाय एकक आधी बोलतात, आपल्या ‘ब्याण्णव’सारखंच.

वेळही तशीच. ‘हॅल त्रे’ ऐकून इंग्रजीच्या सवयीने अनेकजण साडेतीन समजतात आणि तासभर उशिरा पोहोचतात. त्यातला ‘त्रे’ म्हणजे तीन, पण तिसरा तास अर्धाच झालेला असतो. दातांच्या डॉक्टरांनी ‘हॅल त्रे’ सांगितलं तर अडीचला जा, आणि ‘हॅल टो’ सांगितलं तर दीडला.