रोमन शिपायाच्या मनगटावर चामडी पट्टा? या चुका टाळा

स्नेहसंमेलनाचं नाटक असो, चित्र असो की गेममधलं पात्र, रोमन शिपाई म्हटला की दोन्ही मनगटांवर नाड्यांनी आवळलेला चामडी पट्टा येतोच. तो सिनेमा आणि रंगभूमीच्या वेशभूषेतून आलेला आहे. रोमन पायदळाच्या युद्धसामग्रीत त्याला आधार नाही.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या रोमन पायदळाचं साहित्य वस्तूवार नोंदवलं आहे: ढाल, तलवार, भाले, शिरस्त्राण, नडगीवरचं कवच, छातीवरचा धातूचा पत्रा, आणि ऐपत असेल तर कड्यांचं चिलखत. हातासाठी त्यात काहीच नाही. सीझरच्या काळातला शिपाई दाखवायचा असेल, तर त्याचे हात कोपरापासून उघडेच ठेवा.

"रोमन लोक हाताला काहीच घालत नसत" असंही म्हणू नका

पट्टा खोटा ठरला की बरेच जण थेट या टोकाला जातात. 'मॅनिका' हे हाताचं चिलखत सैन्यात होतं. रोमानियातल्या अ‍ॅडमक्लिसीच्या विजयस्मारकावर (इ.स. 109) ते स्पष्ट कोरलेलं आहे. शिपायाचा तलवारीचा उजवा हात खाली-वर चढलेल्या अरुंद पट्ट्यांनी झाकलेला आहे, आणि समोरच्या शत्रूच्या हातात दोन्ही हातांनी चालवायचं वाकड्या पात्याचं फाल्क्स आहे. प्रत्यक्ष अवशेषही मिळाले आहेत: स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडला तांब्याच्या मिश्रधातूचे, तर इंग्लंडमधल्या कार्लाइलला लोखंडी. न्यूस्टेडचे तुकडे तर एकेकाळी मांडीचं चिलखत समजले गेले होते. सुट्या पट्ट्यांवरून घाईने निष्कर्ष काढला की अशी गफलत होते.

मॅनिका डेसियाच्या (आजच्या रोमानियाच्या भागातल्या) युद्धासाठीच शोधली, हे विधानही टाळा. जर्मनीतल्या माइन्झ इथल्या एका थडग्यावर ती कोरलेली आहे, आणि ते थडगं हे युद्ध लढणाऱ्या सम्राट ट्रेजनच्या आधीचं, पहिल्या शतकातलं आहे. डेसियन लोकांच्या फाल्क्समुळे तिची गरज वाढली असेल, एवढंच म्हणता येतं. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर (इ.स. 113) त्याच डेसियन युद्धांतले शिपाई आहेत, पण त्यांच्या हातावर ती नाही. म्हणून एकाच स्मारकाच्या भरवशावर सगळ्या सैन्याला मॅनिका चढवू नका आणि सगळ्यांची काढूही नका.

दागिना आणि चिलखत यांची गल्लत

जर्मनीतल्या बॉनच्या संग्रहालयात मार्कस कॅलियस या सेंच्युरियनचं (तुकडीच्या प्रमुखाचं) स्मारक आहे. इ.स. 9 मध्ये रोमन सेनापती व्हेरसच्या सैन्याकडून लढताना तो पडला. त्याच्या मनगटांवर कडी आहेत. ती पराक्रमाबद्दल मिळालेली बक्षिसं, छातीवरच्या पदकांसारखीच. संरक्षणाशी त्यांचा संबंध नाही. ओळखायची खूण सोपी आहे: कडं मनगटापुरतं असतं, मॅनिका मनगटापासून खांद्याकडे चढत जाते.

ग्लॅडिएटरच्या हातावरचं जाड, गादीसारखं आवरणही मॅनिकाच म्हणवतं, पण ते बहुधा कापडाचं असे. आखाड्यातलं चित्र पाहून शिपाई रंगवू नका.

डावा हात

डाव्या हातात मोठी ढाल असे. सीरियातल्या दुरा युरोपस इथे सापडलेली ढाल सुमारे 105 सेंटीमीटर उंच आहे. ढालीमागच्या हाताला वेगळं चिलखत देण्यात अर्थ नाही, त्यामुळे पायदळाची मॅनिका उजव्या हाताला. अपवाद तिरंदाजांचा. पूर्वी तिरंदाज डाव्या हाताला मॅनिका घालत, असं युद्धकलेवर लिहिणाऱ्या रोमन लेखक व्हेजेशियसने लिहिलं आहे, आणि सुटलेल्या दोरीचा फटका बसतो तो त्याच हाताला.

प्रतिकृती करताना काय बिघडतं

सर्वांत मोठी चूक म्हणजे पत्र्याची एकसंध नळी करणं. तिच्यात कोपर वाकत नाही, आणि कोपर वाकल्याशिवाय तलवार भोसकता येत नाही. आपल्या दांडपट्ट्याच्या खोबळ्यामुळे ही नळीच डोळ्यांपुढे येते. पण खोबळा मुठीचाच भाग असतो आणि कोपराखाली संपतो. मॅनिका मुळात वेगळी आहे. साधारण तीस अरुंद, पातळ पट्ट्या, आतून चामड्याच्या उभ्या पट्ट्यांना रिव्हेटने जोडलेल्या, खाली जाड अस्तर. पट्ट्या हाताभोवती पूर्ण फिरत नाहीत, एक बाजू मोकळी राहते आणि तिथे बांधणी येते.

कौलांसारखी वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवू नका. इथे खालची पट्टी वरच्या पट्टीवर चढते. हात पुढे धरला की शत्रूचं पातं मनगटाकडून वर घसरतं. कौलांसारखी रचना असेल तर ते प्रत्येक कडेखाली अडकून आत घुसेल.

आतल्या चामडी पट्ट्यांचं माप हात सरळ ठेवून घेतलं, तर वाकवताच कोपराजवळ सगळं ताणतं आणि रिव्हेट उपटतात. माप कोपर काटकोनात वाकवून घ्या. मग हात वाकवलेलाच ठेवून पाहा: पट्ट्यांमध्ये फट दिसली, तर त्या एकमेकींवर पुरेशा चढलेल्या नाहीत. अशा वेळी चामडं आवळू नका, पट्ट्यांची संख्या वाढवा. अस्तर आधी शिवून, तेच हातावर चढवून माप घ्या, नाहीतर तयार मॅनिका दंडावर चढणारच नाही.