कॅम्पर व्हॅनने शनिवार-रविवार कोकणात: या चुका टाळा

घाटात उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गाद्या, ओटा, पाण्याची टाकी, सिलिंडर आणि घरची पाच-सहा माणसं घेऊन ताम्हिणी उतरणारी गाडी कारसारखी थांबत नाही. जो चढ दुसऱ्या गिअरवर चढला असता, तो उतारही दुसऱ्यावरच उतरा. ब्रेक दाबा, वेग कमी झाला की सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं तर अजिबात नको. इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींची साथ सुटते.

जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि निदान अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जातो. गार झाल्यावरही पेडल स्पंजासारखं लागत असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झालेत असं समजा. अशा वेळी गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं.

पाण्याच्या कॅन आणि सिलिंडर टपावर ठेवू नका. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि ते वर असलं की प्रत्येक वळणाला गाडी झुकते. जड सामान खाली, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये ठेवा. मागच्या बेडवर मुलांना झोपवून घाट उतरणं कितीही सोयीचं वाटलं तरी करू नका. चालत्या गाडीत सगळे सीटवर, बेल्ट लावून.

रात्री फ्रिज बंद पडतो, पंखे मंदावतात, तेव्हा दोष बहुधा हिशोबाचा असतो. 100 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) लेड-ॲसिड बॅटरीतून 50 एएचच वापरायचे, त्यापुढे गेलं की बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. 12 व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण 4 अँपिअर घेतो. तो निम्मा वेळ चालला तरी 24 तासांत 48 एएच. दीड अँपिअरचे दोन पंखे आठ तास लावले की आणखी 24. झाले 72! त्यामुळे एकतर जास्त खोलवर वापरता येणारी लिथियम बॅटरी घ्या, किंवा फ्रिज प्रवासातच चालवा आणि शुक्रवारी रात्री घरी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात भरा. 1500 वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर लावली तर बॅटरीतून 125 अँपिअरहून जास्त ओढते. केबल बारीक असेल तर ती तापते आणि बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर बीप करून बंद पडतो.

सकाळी गाडीच स्टार्ट होत नसेल, तर दिवे-पंखे स्टार्टरच्या बॅटरीवर जोडलेले आहेत का ते बघा. व्हॅनच्या आतल्या वापराची बॅटरी वेगळी हवी आणि ती डीसी-डीसी चार्जरने (गाडी चालू असताना योग्य व्होल्टेज देऊन ही दुसरी बॅटरी भरणारं उपकरण) चार्ज व्हायला हवी. बीएस 6 च्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) मध्येच व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे थेट जोडलेली बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही अर्धवटच राहते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. स्वयंपाक दार उघडं ठेवून करा, आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुक्कामाला नदीपात्र, दरडीचा पायथा आणि नारळाचं झाड टाळा. पुळणीवर गाडी उतरवूच नका. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कालच्या वेळेवर विसंबून उपयोग नाही. चाक रुतलंच तर रेस करू नका, ते आणखी खोल जातं. सगळ्यांना उतरवा, टायरची हवा एक तृतीयांश कमी करा, चाकापुढची वाळू काढून पायपुसणी घाला आणि पहिल्या गिअरवर हळू काढा. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरा.

दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीवर ओहोटीला रॅम्पचा उतार जास्त असतो. मागे लांब असलेल्या व्हॅनचा बंपर आणि खालची सांडपाण्याची टाकी तिथेच घासते. तिकीट काढण्याआधी बोटीवरच्या माणसांना गाडी दाखवा, लागलंच तर पुढची फेरी घ्या.