जपानी प्रिंट घ्यायचीय? आधी उलटी करून बघा

सही आणि नंबर शेवटी बघा. आधी प्रिंट हातात घ्या, दोन्ही हातांनी, समोरासमोरचे कोपरे धरून, कारण एका हातानं उचलली की कागदाला चंद्रकोरीसारखी मोड पडते आणि ती नंतर जात नाही. आता उलटी करा. मोकुहांगा, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेली असेल तर कागद मागून बारेननं, म्हणजे हातात धरायच्या गोल चकतीनं, घासलेला असतो, त्या दाबानं पाण्यात कालवलेला रंग वॉशीच्या, म्हणजे जपानी कागदाच्या, तंतूंत शिरतो आणि मागच्या बाजूला चित्र पुसट उमटलेलं दिसतं, कधी कधी बारेन फिरल्याच्या गोल खुणासुद्धा. मला तर बऱ्याचदा पुढच्यापेक्षा हीच बाजू जास्त आवडते! इंकजेटवर काढलेल्या कॉपीची पाठ बहुतेक वेळा कोरीच असते.

मग भिंग लावा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर बहुधा ऑफसेट, म्हणजे मशीनवरची छपाई. आता ऑफसेट म्हणजे खोटी असं अजिबात नाही, मुराकामी ताकाशी या प्रसिद्ध आर्टिस्टच्या सही केलेल्या कितीतरी ऑफसेट प्रिंट्स ३०० च्या एडिशनमध्ये, म्हणजे ठरवून तेवढ्याच प्रती छापून, निघाल्यात आणि लोक आवडीनं घेतात, पण तेवढ्याच पैशात कमी नावाजलेल्या आर्टिस्टनं स्वतः कोरून स्वतः छापलेली प्रिंट मिळत असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन. आणि ठिपके दिसले की लगेच नाक मुरडू नका, नोदा तेत्सुया या आर्टिस्टच्या १९६८ पासूनच्या ‘डायरी’ मालिकेत फोटोवरून केलेलं सिल्कस्क्रीन (जाळीच्या पडद्यातून रंग दाबून केलेली छपाई) आणि लाकडी ठसा एकत्र येतात, तिथे फोटो हा चित्राचाच भाग आहे.

नंबरचं म्हणाल तर १२/५० म्हणजे पन्नासच्या एडिशनमधली बारावी, पण ती छापलीही बारावीच असेल असं नाही, त्यामुळे लहान नंबरसाठी जास्त पैसे मोजू नका. ए.पी. किंवा ई.पी. लिहिलं असेल तर ती आर्टिस्टनं स्वतःकडे ठेवलेली प्रत. मेझोटिंटमध्ये, म्हणजे तांब्याची प्लेट खरखरीत करून केलेल्या प्रिंटमध्ये, मात्र छपाई नीट बघा, प्लेटवरची खरखरीत लव छापून छापून झिजते आणि काळा रंग फिका पडत जातो. हा काळा किती गहिरा असू शकतो हे समजायला हामागुची योझो या आर्टिस्टची चेरीची मेझोटिंट बघा, टोकियोत त्याच्या नावाचं म्युझियमच आहे.

नजर तयार करायला टोकियोजवळचं माचिदाचं प्रिंट म्युझियम मस्त, आणि विकत घ्यायला गिंझातली योसेइदो गॅलरी किंवा १९५६ मध्ये सुरू झालेला सीडब्ल्यूएजेचा (कॉलेज विमेन्स असोसिएशन ऑफ जपान) प्रिंट शो, जिथे नवे-जुने आर्टिस्ट शेजारी शेजारी बघायला मिळतात.

जुनी प्रिंट फ्रेममध्ये असेल तर बाहेर काढून दाखवा म्हणा, आणि नाही म्हटलं तर सोडून द्या. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खाली झाकलेला रंग बाहेरच्यापेक्षा गडद दिसला तर बाहेरचा उन्हानं उडालाय. समास कापलेत का, मागे चिकटपट्टीचे पिवळे डाग आहेत का, तेही बघा.

घरी आणल्यावर ॲसिड-फ्री माउंट, प्रिंट त्याला अडकवायला वरच्या बाजूला वॉशीच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावलेल्या, काच कागदाला टेकता कामा नये आणि भिंत ऊन न येणारी. गॅलरीचं बिल आणि प्रिंट ज्या फोल्डरमध्ये आली तो फोल्डर टाकू नका, पुढे विकायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.