आंब्याच्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सॲपवर कसं जोडून ठेवायचं
देवगडात बाग असेल आणि पेटी थेट घरपोच विकायची असेल तर आधी ब्रॉडकास्ट लिस्ट करा (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो अशी यादी), ग्रुप नको, कारण ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि गुड मॉर्निंगच्या ढिगात तुमचा मेसेज कुठल्याकुठे जातो. पण एका लिस्टीत २५६च माणसं बसतात, त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून प्रत्येक पेटीत नंबर सेव्ह करा अशी चिठ्ठी टाकाच. माणसं वाढली की व्हॉट्सॲप चॅनल काढा (लोक फॉलो करतात, मेसेज तुम्हीच टाकता), तिथे फॉलोअर्सचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

नुसते भाव टाकू नका हो! मोहोर आला, तुडतुड्याची कीड पडली, अवकाळीने फळ गळलं, फोटोसकट खरं सांगा, लोक जीव लावतात. पेटी २ डझनाची हवी की ५, पोल घ्या. कोणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या.