रेस सोडली की फटाके : एसएआय व्हॉल्व्हनं शिकवलेलं

आयटीआय करून गॅरेजला लागलो, त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दीडशे सीसीची कार्ब्युरेटरवाली बाइक आली. तक्रार एकच, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके. बाइकला एसएआय, म्हणजे सेकंडरी एअर इंजेक्शन होतं : एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी सोय. माझ्याआधी दोन वर्षं गॅरेजला लागलेला पोरगा म्हणाला, "एसएआयच्या पाइपात बोल्ट ठोक, गप्प बसते." ठोकला. बसली गप्प. आठ दिवसांनी पीयूसीत नापास होऊन गिऱ्हाईक दारात हजर!

मिस्त्री रागावले नाहीत. बोल्ट काढून माझ्या हातात दिला आणि व्हॉल्व्ह खोलायला लावला.

दुचाकीतला हा व्हॉल्व्ह पंपासारखी हवा ढकलत नाही. एक्झॉस्टचा गॅस जोरात बाहेर पळाला की त्याच्यामागे पोर्टमधला, म्हणजे सिलिंडरमधून गॅस बाहेर पडायच्या वाटेतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. तेवढ्यात फिल्टरकडची ताजी हवा रीडची, म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपेची पातळ पट्टी उचलून आत शिरते. दाब वाढला की पट्टी पुन्हा मिटते. १४०० आरपीएमच्या आयडलिंगला हे सेकंदाला जवळपास बारा वेळा चालतं. पोर्ट तापलेलं असतंच. उरलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड या हवेत बरंचसं तिथेच जळतं.

मग फटाके कुठून? रेस सोडली की सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही, कच्चं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं. तिथे ताजी हवा मिळाली की भडका. म्हणून इन्टेकवरून, म्हणजे इंजिन हवा-पेट्रोल आत ओढतं त्या वाटेवरून, एक बारीक व्हॅक्यूम नळी व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमला (आतल्या लवचीक पडद्याला) येते. रेस सोडताच व्हॅक्यूम वाढतो, डायफ्रॅम ओढला जातो आणि हवेची वाट बंद. आमच्या गाडीची हीच नळी टोकाला तडकली होती. वर तिथून इंजिन हवा खात होतं ते वेगळंच.

तपासायला सिरिंज पुरते. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह काढा. फिल्टरच्या बाजूनं फुंकलं तर हवा जायला हवी, इंजिनच्या बाजूनं अजिबात नाही. आता व्हॅक्यूमच्या तोंडाला सिरिंज लावून दट्ट्या ओढून धरा आणि परत फिल्टरकडून फुंका. हवा अडली तर डायफ्रॅम ठीक. फुंकण्याआधी तोंड पुसून घ्या, व्हॉल्व्हचं. मी काजळी खाऊन शिकलोय. फिल्टरकडची नळी आतून काळी किंवा वितळलेली दिसली, तर रीड मिटत नाही असं समजा.

आयटीआयत कुणी न सांगितलेली एक गोष्ट : मिक्श्चर स्क्रूनं (कार्ब्युरेटरचा हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड लावताना एसएआयची वाट तात्पुरती बंद करा. नाहीतर ताज्या हवेनं गॅस पातळ होतो, मशीन कमी आकडा दाखवतं आणि गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असूनही आपण खूश. त्या बाइकला मर्यादा ३.५ टक्के सीओची होती. नळी बदलून, सेटिंग करून ती आरामात पास झाली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं. त्यातल्या काहींत ही वाट ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हुकमावर चालणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह बंद करतो. तिथे सिरिंज काढण्याआधी कनेक्टर बघा. रीडची पट्टी मात्र तशीच असते, आणि काजळीही.