वकिलाशिवाय फेडरल अपिलाची परवानगी कशी मागावी

अमेरिकेत शिक्षा कायम झाल्यावर कैदी फेडरल कोर्टात हेबियसचा, म्हणजे आपली कैद बेकायदा आहे असं सांगणारा, अर्ज करू शकतो. शिक्षा राज्याच्या कोर्टाची असेल तर कलम २२५४ खाली, फेडरल कोर्टाची असेल तर २२५५ खाली. डिस्ट्रिक्ट कोर्टाने, म्हणजे सर्वांत खालच्या फेडरल कोर्टाने, तो फेटाळला तर थेट अपील चालत नाही. १९९६ च्या कायद्यानुसार आधी परवानगी लागते. तिचं नाव सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी, थोडक्यात सीओए. मृत्युदंडाची प्रकरणं सोडली तर इथे वकील मिळण्याचा हक्क नाही, म्हणून असंख्य कैदी हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहितात.

सगळ्यात आधी नोटीस ऑफ अपील द्या. एका पानाचं काम आहे: कोणत्या निकालाविरुद्ध अपील, कोणत्या सर्किट कोर्टात (म्हणजे फेडरल अपील कोर्टात), तारीख, सही. ती डिस्ट्रिक्ट कोर्टातच दाखल होते. मुदत २२५४ च्या प्रकरणात निकालापासून ३० दिवस, २२५५ मध्ये ६० दिवस. ही मुदत निर्दय आहे. बोल्स विरुद्ध रसेल खटल्यात (२००७) न्यायाधीशाने कैद्याला नियमापेक्षा तीन दिवस जास्त दिले. त्याने न्यायाधीशाने दिलेल्या तारखेच्या आत नोटीस दिली, तरी सुप्रीम कोर्टाने अपील उशिरा आलं असंच ठरवलं. तेव्हा दिवस स्वतः मोजा. तुरुंगातून पाठवताना मात्र पत्र तुरुंगाच्या कायदेशीर टपालात दिलं तो दिवस धरला जातो. तारीख आणि टपालखर्च भरल्याचं शपथेवरचं निवेदन सोबत जोडा.

आता निकालपत्राचं शेवटचं पान पाहा. सीओए दिलं की नाकारलं, हे डिस्ट्रिक्ट न्यायाधीशाला लिहावंच लागतं. नाकारलं असेल तर सर्किट कोर्टाकडे मागा. त्या नकाराचा फेरविचार त्याच न्यायाधीशाकडे मागत बसलात तर अपिलाची मुदत थांबत नाही.

सगळी मेहनत सीओएच्या अर्जावर करा. इथे बहुतेकजण आपण निर्दोष कसे आणि न्यायाधीश चुकला कसा, हे पानोपानी सांगतात. कोर्टाचा प्रश्न वेगळा असतो: या मुद्द्यावर दोन समंजस न्यायाधीशांचं मत वेगळं पडू शकेल का? मिलर-एल खटल्यात (२००३) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की अपील जिंकणार हे या टप्प्यावर दाखवावं लागत नाही. त्या कैद्याला खालच्या कोर्टांनी परवानगी नाकारली होती. २००५ मध्ये त्याचा ज्यूरी निवडीतल्या वंशभेदाचा मुद्दा सुप्रीम कोर्टात मान्य झाला.

म्हणून दोन-तीनच मुद्दे निवडा, आणि तेही डिस्ट्रिक्ट कोर्टात मांडलेलेच. प्रत्येकाखाली लिहा: राज्यघटनेतला कोणता हक्क मोडला, न्यायाधीशाने काय म्हटलं, कागदपत्रांच्या कोणत्या पानावर त्याच्या उलट दिसतं. दुसऱ्या एखाद्या कोर्टाने तशाच प्रकरणात वेगळा निर्णय दिला असेल तर तो आवर्जून द्या; मतभेद शक्य आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही. नुसता कायद्याचा किंवा शिक्षेच्या हिशेबाचा मुद्दा पुरत नाही. तो चुकीचा हिशेब वकिलाने पुरेसा बचाव न केल्यामुळे टिकला असेल, तर सहाव्या घटनादुरुस्तीतल्या वकिलाच्या हक्काशी जोडून मांडा.

मूळ हेबियस अर्ज उशिरा आला अशा तांत्रिक कारणाने फेटाळला असेल तर जास्त काळजी घ्या. स्लॅक विरुद्ध मॅकडॅनियल (२०००) प्रमाणे दोन्ही दाखवावं लागतं: ते तांत्रिक कारण वादग्रस्त आहे, आणि मूळ तक्रारीतही घटनात्मक हक्काचा वादयोग्य मुद्दा आहे. पुष्कळ अर्ज फक्त उशिराबद्दल भांडतात, मूळ तक्रारीवर ओळही लिहीत नाहीत आणि तिथेच पडतात.

फी ६०५ डॉलर आहे. पैसे नसतील तर गरीब अर्जदार म्हणून सूट मागा आणि तुरुंगातल्या खात्याचा उतारा जोडा.

सर्किट कोर्टानेही नकार दिला तर ९० दिवसांत सुप्रीम कोर्टाकडे जाता येतं. तो मार्ग हॉन खटल्याने (१९९८) मोकळा केला. बाहेरच्या नातेवाइकांनी निकाल शोधून, छापून पाठवावेत, मुदतीची आठवण द्यावी. पण कैद्याच्या वतीने सही करू नये. सही त्याचीच हवी.