बैठक सगळ्यात शेवटी

सामाईक विहिरीवरून, बांधावरून नाहीतर शेतरस्त्यावरून दोन घरं कुऱ्हाडीपर्यंत आली की गावातली भली माणसं घाईघाईनं मारुतीच्या पारावर बैठक बोलावतात. मी अंबाजोगाईला वकिली करते आणि न्यायालयाकडून आलेल्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणूनही बसते. माझं कळकळीचं सांगणं आहे की ती बैठक सगळ्यात शेवटी ठेवा. पारावर बोलणारा माणूस समोर बसलेल्या भावाशी बोलतच नसतो, तो भावकीला ऐकवत असतो. "जीव गेला तरी पाणी देणार नाही" हे एकदा तिथं तोंडातून गेलं, की घरी येऊन पस्तावला तरी त्याला मागं फिरता येत नाही. तंटा मिटतो तो त्याआधी, एकेकाच्या ओसरीवर, रानात, वकिलाच्या घरी. पारावर फक्त जाहीर करायचं.

मधे पडण्याआधी स्वतःला तपासा. दोघांपैकी कुणाला तुम्ही उसने दिलेत का? त्या जमिनीवर तुमचा किंवा तुमच्या मेव्हण्याचा डोळा आहे का? सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही कुणाच्या पॅनलबरोबर होतात? यातलं काहीही असेल तर दुसरं माणूस शोधा. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगाव समित्या आहेत. अध्यक्षावर दोन्ही बाजूंचा विश्वास असेल तर त्याला बरोबर घ्या. दोन्ही घरी एकाच दिवशी जा. आज एकाकडं चहा घेतला आणि दुसऱ्याकडं परवा गेलात, तर मधल्या दिवसात तुम्ही पहिल्याचे झालेले असता. दोघांनाही तोंडावर विचारा, "मी मधे पडू का?" एकाचाही होकार नसेल तर उठून या.

पहिल्या खेपेला तोडगा सुचवूच नका, फक्त ऐका. निघताना मात्र एक प्रश्न न चुकता विचारा: "यातलं पलीकडं काय सांगू आणि काय माझ्या पोटात ठेवू?" सगळं काम या प्रश्नावर उभं आहे. पोटात ठेवायला दिलेली एक गोष्ट जरी बाहेर गेली, तरी त्या पंचक्रोशीत तुमच्याशी पुन्हा कुणी खरं बोलणार नाही. २०२३च्या मध्यस्थी कायद्यानंही ही गुप्तता मान्य केलेली आहे.

आता विहिरीचंच एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत. चुलत भाऊ, सातबाऱ्यावर इतर हक्कात सामाईक विहिरीची नोंद, निम्मा-निम्मा हिस्सा. एकानं दुसऱ्याचा पाइप फोडला, डोकी फुटली, क्रॉस केस झाल्या, म्हणजे दोघांनी एकमेकांवर गुन्हे नोंदवले, दोघं जामिनावर सुटून आले. थोरला म्हणे विहीर पूर्ण माझी. धाकटा म्हणे निम्म्यापेक्षा थेंब कमी घेणार नाही. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं विहिरीवर खून पडेल ही भीती उगाच नसते.

मागणी ऐकली की "कामून?" विचारायचं. एकदा विचारून भागत नाही. थोरल्यानं आधी हक्काचं सांगितलं, मग वडिलांनी विहीर कशी खोदली ते सांगितलं, आणि शेवटी, उन्हं कलल्यावर, म्हणाला, "ताई, पोरगं रात्री दारं धरत होतं. सापानं डसलं. वाचलं, पण आता मी त्याला रात्री रानात जाऊ देणार नाही." मोटारीला लागणारी शेतीची थ्री फेज लाइन आमच्याकडं कधी दिवसा, कधी रात्री. त्याला हवं होतं दिवसाचं पाणी. मागत मात्र होता पूर्ण विहीर, कारण पारावर भीती सांगता येत नाही, हक्क सांगता येतो. धाकट्याची मोसंबी ठिबकवर, बँकेचं कर्ज काढून लावलेली. त्याला दिवस-रात्रीचं काही नव्हतं, पाणी कधी बंद होईल याचा घोर होता. लाइन आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर बसवला की रात्रीचं पाणी त्याला चालणार होतं, आणि रात्रीचे तास जास्त मिळाले तर उलट फायदाच होता. हे दोघांना एकत्र बसवून कधीच निघालं नसतं.

१९७८च्या सप्टेंबरात अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला हेच झालं. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन पहिल्या दोन-तीन दिवसांत समोरासमोर बसले आणि असे भांडले, की पुढं राष्ट्राध्यक्ष कार्टर एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाऊन बोलत राहिले. तेरा दिवस चाललं ते. इस्रायलच्या ताब्यात असलेला सिनाई हा वाळवंटी भाग इजिप्तला पूर्ण परत हवा होता, कारण ती त्यांची भूमी. इस्रायलला सीमेवर इजिप्तचे रणगाडे नको होते. सिनाई इजिप्तला, पण तिथं सैन्यावर बंधनं, असं करून दोघांचं भागलं. त्यात मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो एकच कागद. दोघांचे दोन मसुदे त्यांनी ठेवलेच नाहीत. अमेरिकनांनी स्वतः एक मसुदा लिहिला, तो दोघांना दाखवत, दुरुस्त करत तेविसाव्या मसुद्यापर्यंत नेला.

तुम्हीही तेच करा. वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहा आणि "मान्य आहे का?" असं विचारू नका. त्यावर माणूस नाहीच म्हणतो. "यात तुम्हाला काय टोचतं?" विचारा. टोचेल ते खोडा, पलीकडं न्या, पुन्हा विचारा. कागद तुमचा असल्यामुळं त्यात बदल केला तरी कुणी नमलं असं होत नाही.

निरोप नेताना शिव्या गाळा, अर्थ गाळू नका, आणि पदरचं काही घालू नका. इराणमध्ये ओलीस धरलेल्या ५२ अमेरिकनांची सुटका जानेवारी १९८१ मध्ये झाली ती अल्जीरियाच्या मुत्सद्द्यांमुळं. इराण अमेरिकेशी समोरासमोर बोलायला तयारच नव्हता, म्हणून प्रत्येक शब्द या अल्जीरियनांच्या हातून जायचा. नवी कल्पना मांडताना "समजा" वापरा. "समजा दिवसाची लाइन तुम्हाला मिळाली, तर पाइपलाइनला तुमच्या रानातून वाट द्याल का?" पलीकडचा तयार आहे हे तुम्हाला ठाऊक असलं तरी त्याचं नाव घेऊ नका. यानं नाही म्हटलं तर त्याचा हात दगडाखाली अडकतो.

घरात खरं कोण ठरवतं ते शोधा. कधी पुण्यात नोकरीला असलेला मुलगा, कधी मामा, बहुतेक वेळा म्हातारी. बाई असल्याचा मला इथं उपयोग होतो. पुरुष ओसरीवर तणतणत असतात तेव्हा मी चुलीपाशी जाऊन बसते. जावा-जावांचं बोलणं बंद नसतं, लेकरं एकाच शाळेत जातात, आणि कोणत्या गोष्टीवर आपला माणूस नमेल हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. पुरुष मध्यस्थांनी आपल्या घरातल्या बाईला बरोबर न्यावं.

मग येतो कमीपणा. रशियानं क्यूबात क्षेपणास्त्रं नेऊन ठेवल्यावर अमेरिकेशी जो पेच पडला, त्यात २७ ऑक्टोबर १९६२ला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूताला सांगितलं की तुर्कस्तानातली आमची क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, पण हे जाहीर होता कामा नये. जगाला दिसलं ते एवढंच, की रशियानं क्षेपणास्त्रं परत नेली. अशी न दाखवता द्यायची गोष्ट प्रत्येक तंट्यात असते. आमच्या थोरल्यानं धाकट्याच्या दवाखान्याचा खर्च दिला आणि पारावर त्याचा उच्चार झाला नाही. उलट बाजूला थोरल्याला माफी हवी होती आणि धाकटा ती मागणार नव्हता. तेवढ्यात येळवस आली, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण. धाकट्याच्या बायकोनं थोरल्या घराला रानात जेवायला बोलावलं. कोपीपाशी बसून आंबील प्यायला तो आला, भज्जी-भाकरी खाल्ली, आणि माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. पंचांगाकडं लक्ष ठेवा. पोळा, येळवस, घरातलं लग्न यांच्या आधीचे आठ दिवस फार कामाचे असतात.

काही प्रकरणांत मात्र पाऊल टाकू नका. बलात्कार, खून, अ‍ॅट्रॉसिटी, बालविवाह हे मिटवायचे विषयच नाहीत. खून, बलात्कारासारखे गंभीर गुन्हे दोन घरांत तडजोड झाली म्हणून रद्द होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली ग्यान सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. वाळीत टाकण्याची धमकी देऊन सही घेणं हाही गुन्हा आहे. आणि एक बाजू दुसऱ्याला घाबरून मान डोलावत असेल, तर तिला पोलिसांकडं आणि वकिलाकडं पोचवणं हेच तुमचं काम.

मिटलं की कागद पक्का करा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर पाच सह्या घेऊन घरी जाऊ नका. दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत ठेवा: तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. बांधाचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी, नंतर बोलणी. वर्षानुवर्षं याचं रान त्याच्या आणि त्याचं याच्या ताब्यात असेल, तर २०२३ साली आलेली, मुदतीची सलोखा योजना अजून चालू आहे का ते बघा. ताबा बारा वर्षांचा असला तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये, एवढंच तिच्यात ठेवलेलं होतं.

विहिरीच्या करारात पाळीचे तास लिहून थांबू नका. मोटार जळाली तर खर्च कुणाचा, गाळ कधी आणि कुणी काढायचा, एकाच्या लग्नकार्यात पाळी बदलायची तर किती दिवस आधी सांगायचं, पाणी तळाला गेलं तर आधी जनावरांचं की मोसंबीचं, हे सगळं लिहा. पावसाळ्यात हे प्रश्न कुणाला सुचत नाहीत, म्हणून ते तुम्हीच विचारायचे. आणि चैत्रात, पाणी उतरलं की, न बोलावता एकदा दोन्ही घरी जाऊन या.